सायबिणीचा मांत

आमच्या घरात शिवणाची दोन मशिनं होती आणि डोळे मिटूनही कुठलं चालू आहे ते सांगता यायचं. ओसरीवरचं मशिन आईचं. ते अडखळत चालायचं, कारण आईचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं चुलीवरच्या सारूवर असायचं. मागच्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून अक्काचं मशिन होतं. ते एकदा सुरू झालं की पेठेतल्या मागांच्या खटखटीत मिसळून जायचं आणि थांबल्यावरच कळायचं की इतका वेळ ते चालू होतं. अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. माझे वडील, अण्णा, तिला अक्का म्हणत म्हणून आई, मी, शेजारपाजार, दुकानात काजं करणारा म्हातारा, सगळेच तिला अक्का म्हणत. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर.

आम्ही जातीने शिंपी. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आमचे पूर्वज तंबू शिवायला बेंगळुरात आले आणि फौज परत गेली तरी ते राहिले, असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगत. खरंखोटं त्या तंबूंनाच माहीत. अण्णांचं दुकान दंडूत होतं; आता सगळे कॅन्टोन्मेंट म्हणतात त्या भागाला पेठेतले लोक दंडूच म्हणायचे. गोरे सोल्जर गेले आणि त्यांच्याबरोबर युनिफॉर्मचं काम गेलं, पण चर्चं राहिली. पाद्र्यांचे झगे, प्रार्थनेच्या वेळचे जरीचे अंगरखे, वेदीवरच्या चादरी, बँडमधल्या पोरांचे डगले, सगळं अण्णांकडे यायचं. अण्णा दुकानात कापायचे आणि जरीचं, कशिद्याचं काम गठ्ठ्यात बांधून सायकलवरून घरी आणायचे, अक्कासाठी.

अक्का सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. लग्नाआधी पेठेतल्या नवऱ्या मुलींच्या चोळ्या तीच शिवायची, तिच्या हाताला नाव होतं. परत आल्यावर ते बंद झालं. आईचं म्हणणं सरळ होतं, नवरीच्या अंगाला लागणाऱ्या कापडाला विधवेचा हात नको. आई दुष्ट नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक बाईला होती तीच भीती तिला होती, आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती वेगळी. अण्णांनी तोड काढली. पाद्र्यांच्या देवाला विटाळबिटाळ काही नसतं, तेव्हा चर्चचं सगळं अक्काने करावं. अशी ती मागच्या खोलीत बसली. चर्चचं काम होतं म्हणून अक्काच्या हातात सुई होती. ते गेलं असतं तर धान्य निवडणं आणि भांडी घासणं एवढंच तिच्या वाट्याला उरलं असतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि तिला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

घरात बोलणं मराठी, भांडण मराठी. भाजीवालीशी, देवळातल्या भटांशी आणि दारात येणाऱ्या गाईशी मात्र कन्नड. जेवायला नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, त्यावर पातळ आमटीसारखं सारू, आणि थंडी सुरू झाली की रोज पावट्यासारखे अवरेकाळू. अवरेच्या शेंगा सोलायला अक्का, आई आणि मी ओसरीवर सूप मध्ये ठेवून बसायचो आणि तेवढ्या वेळात त्या दोघींचं चांगलं जमायचं. आईला शेंगांचा ताजा वास आला की पहिली शेंग ती अक्काच्या नाकाशी धरायची. माझा मुलगा आता बेळ्ळंदूरला बाराव्या मजल्यावर राहतो. तिथे अवरेचे सोललेले दाणे पिशवीतून घरपोच येतात. सोय आहे, मी तक्रार करत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवं कापड हळदीचं बोट लावल्याशिवाय आमच्याकडे अंगावर चढत नसे. आतल्या बाजूला, दुमडीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असं ओल्या हळदीचं एक बोट. हे काम आईचं, कारण ती सवाष्ण. चर्चच्या कपड्यांना अर्थातच कुणी बोट लावत नसे, ते बिनहळदीचेच जात. अक्का ते घडी घालून गठ्ठ्यात ठेवताना कोपरा थोडा वेळ चिमटीत धरायची. मला वाटायचं, शिवण तपासते.

मी पंधरा वर्षांची असताना दंडूत पियानो शिकवणाऱ्या फर्नांडिसबाई आमच्या घरी आल्या. उंच, गालाला पावडर, फुलाफुलांचा झगा आणि ऊन असो नसो, हातात छत्री. बाई गोव्याच्या नदीतल्या एका बेटावरच्या. तीस वर्षं बेंगळुरात काढली तरी बेटाचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. मधली काही वर्षं गोव्याची हद्द बंद होती. त्या काळात त्यांनी बेटावरच्या सायबिणीला नवस बोलला, त्यांच्या भाषेत आंगवण. सायबीण म्हणजे येशूची आई मरिया. पुन्हा बेटाला पाय लागले तर तुला नवा मांत घालीन. मांत म्हणजे मूर्तीच्या डोक्यावरून पायांपर्यंत येणारं आणि पाठीमागे हातभर लोळणारं रेशमी वस्त्र. गोवा मोकळा झाला आणि बाई पुढच्याच वर्षी मापाचं पत्र घेऊन अण्णांसमोर उभ्या राहिल्या. पत्रात लिहिलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत सात विती.

‘वीत कुणाची?’ अण्णांनी विचारलं.

‘इनेस मायची. ती सायबिणीला नेसवते.’

‘ती इनेस माय उंच की बुटकी?’

बाईंना ते आठवेना. अण्णा म्हणाले, ‘सरी, शिवून घेऊ आणि शेवटचं माप जागेवर बसवायला मीच येतो.’

‘तुम्हाला पडद्याच्या आत सोडणार नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘पुरुष हात लावत नाही. लग्नाची बाई नाही, कुमारीणही नाही. ती आमची दुःखाची सायबीण, तिचा पूत मेलेला. तिला फकत विधवा नेसवतात. पहिल्यापासून तसंच.’ मग त्यांनी छत्रीचं टोक मागच्या खोलीकडे केलं. ‘तुमची बहीण द्या.’

ओसरीवरचं मशिन थांबलं. आई म्हणाली, ‘विधवाच पाहिजे? असं कुणी मागतं का?’

‘आमच्याकडे मागतात,’ बाई म्हणाल्या.

मागच्या खोलीतलंही मशिन थांबलेलं होतं.

अण्णांनी कबूल केलं. अक्काला वाचता येत नव्हतं आणि दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी बरोबर जायचं ठरलं. मांत शिवायला सव्वा महिना लागला. बाहेरून निळं रेशीम, आतून पांढरं सॅटिनचं अस्तर, काठाला जरीत भाताच्या लोंब्या, कारण बाई म्हणाल्या होत्या की बेटावर भातच भात आहे. अक्का त्या महिन्यात इतकं थोडं वाढून घ्यायची की आईच तिच्या ताटात दुसरा मुद्दा वाढायची आणि अक्का तो न बघता संपवायची. निघायच्या दिवशी पहाटे मी अंघोळीला उठले तेव्हा मागच्या खोलीत दिवा होता. मांत पत्र्याच्या ट्रंकेत घातलेला होता, वरचा एक कोपरा तेवढा बाहेर होता आणि अक्काच्या शेजारी आईचा हळदीचा करंडा होता. अक्काने करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवून हळदीत टेकवलं आणि अस्तराच्या कोपऱ्याला लावलं. मग मान वर करून तिने मला पाहिलं. करंडा तिने जिथला तिथे ठेवला, बोट धुतलं, आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

छोट्या रुळाच्या गाडीने हुबळी, लोंढ्याला बदल, मग घाट उतरून गोवा. अक्का त्याआधी तिरुपतीच्या पलीकडे गेली नव्हती. सगळा वेळ ट्रंक मांडीवर. फर्नांडिसबाईंनी दोनदा सांगून पाहिलं, ट्रंक खाली ठेवा, कुणी नेत नाही. ‘स्वल्प वेळाने ठेवते,’ अक्का म्हणायची आणि ठेवायची नाही. शेवटी मोटरीच्या होडीने आम्ही बेटावर उतरलो. कापणीला आलेली शेतं, माड, आणि मध्येच एकाएकी उभी राहिलेली पांढरी चर्चं. एवढ्याशा बेटावर तीन. धक्क्याजवळच्या चर्चचं छप्पर कधीच गेलेलं, भिंतींतून पिंपळ उगवलेला आणि आत गुरं बांधलेली. दुसरं टेकडीवर, दगडी पायऱ्यांचं. तिथल्या म्हातारीने सांगितलं की त्याआधी इथे देऊळ होतं, तेव्हा अक्काने पायऱ्यांशी वहाणा काढून हात जोडले. नक्की कुणाला, ते मी विचारलं नाही. तिसरं सायबिणीचं, सगळ्यांत जुनं, आणि यात्रा, त्यांचं फेस्त, तिथेच भरायची. नदीपलीकडच्या गावांतून लोक होड्या भरभरून येत. त्यांत ख्रिस्ती असत तसे हिंदूही असत. कुणी गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जाई. ज्याचं जे दुखत असेल ते मेणाचं विकत घ्यायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं. हात, पाय, डोळे, तान्ही बाळं. अक्काने एक मेणाचा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘बोटं नीट नाहीत काढली.’

आम्ही पोचलो तेव्हा चर्चला चुना देणं चालू होतं. पावसाळ्यात भिंतींना शेवाळ चढतं म्हणून फेस्ताआधी दर वर्षी शिंपल्यांचा चुना देतात. त्या वर्षी चुन्याची होडी उशिरा आली. मोठ्या दरवाजाच्या चौकटीला शेवटचा हात फिरला तो फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी.

वेदीमागच्या खोलीत, जाड पडद्याच्या आत, चार विधवा काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. इनेस माय त्यांतली सगळ्यांत म्हातारी, आणि चांगलीच बुटकी. अण्णांची शंका खरी होती. मला कुमारीण म्हणून पडद्याच्या बाहेर बसवलं, पण पडदा आखूड होता आणि माझी नजर शाबूत होती. त्यांनी मूर्तीची जुनी वस्त्रं उतरवली. आत काही नव्हतं. चेहरा आणि दोन हात तेवढे कोरलेले. खाली नुसत्या लाकडी पट्ट्या, उभ्या ठेवलेल्या टोपलीसारख्या. ‘हिला तर अंगच नाही गे,’ अक्का म्हणाली. इनेस मायला ते कळलं आणि ती हसली. मग तिने अक्काला विचारलं, नवरा जाऊन किती वर्सां. अक्काने सांगितलं. इनेस मायने मान डोलावली आणि सरकून तिला आपल्या शेजारी जागा दिली. मूर्तीचं माप विचारावं तितक्या सहज विचारलेला तो प्रश्न होता आणि त्याच्या उत्तरावर अक्काला मधली जागा मिळाली. पुढचे तीन तास त्या पाच जणी टाचण्या, दोरे आणि लोंब्यांबद्दल बोलत होत्या, निम्मं कोकणी, निम्मं आमचं मराठी. मधूनमधून हसू येत होतं. अक्काचं हसणं मला अनोळखी होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

फेस्ताच्या सकाळी प्रार्थना झाली आणि सायबीण मिरवणुकीला निघाली. चार पुरुषांच्या खांद्यांवर तिची पालखी, पुढे व्हायोलिन आणि ढोल, मागे मांतचं लोळणारं टोक हातांवर झेललेली इनेस माय. दरवाजातून बाहेर पडताना पालखी थोडी कलली, मांतचा एक कोपरा चौकटीला घासला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. चर्चसमोरच्या क्रुसाला एक वळसा घालून होईपर्यंत इनेस मायच्या हातातलं अस्तर उलटलं आणि ती जागीच थांबली. पांढऱ्या सॅटिनवर बोटाएवढा लाल डाग होता. ताजा, ओला.

‘रगत!’ मागून कुणीतरी बाई ओरडली. व्हायोलिन थांबलं. लोक जिथे होते तिथे धुळीत गुडघ्यांवर बसले. फर्नांडिसबाईंच्या हातातली छत्री पडली. त्या रडत आणि हसत म्हणत होत्या, सायबिणीने माझी आंगवण मानून घेतली, सायबिणीने मानून घेतली. मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला वाटलं ती पडते. तिला कळलं होतं आणि मलाही. आमच्या पेठेत हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करणारी तीन घरं होती. पुढे मी पस्तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी हळदीचा कागद चुन्याच्या पाण्यात बुडवून दाखवला. मुली दर वर्षी टाळ्या वाजवायच्या.

दुपारपर्यंत बातमी नदीपलीकडे गेली. होड्या येतच राहिल्या. लोक रुमाल पुढे करत होते, डागाला टेकवून घ्यायला. एक बाप आपलं आंधळं पोर खांद्यावर घेऊन रांगेत उभा होता, ते मात्र मी पाहू शकले नाही. शेवटी पाद्रीने इनेस मायला मांत उतरवून आतल्या खोलीत आणायला सांगितलं आणि आम्हाला बोलावलं. पाद्री म्हातारा होता, वेंगुर्ल्याकडे काही वर्षं काढलेला, त्यामुळे मराठी बरं बोलायचा. खोलीत इनेस माय होती, फर्नांडिसबाई होत्या, आणि टेबलावर मांत. पाद्रीने मला विचारलं, कारण मी शाळेत जाणारी.

‘मुली, शिवताना ह्यात लाल काही गेलं होतं? दोरा, रंग, काही?’

‘नाही,’ मी म्हणाले.

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर मी खोटं बोलले नव्हते. पण मी खोटं बोलले होते आणि मला ते पक्कं माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीतलं मशिन होतं. परक्या देवाच्या वस्त्राला आम्ही हळद लावली हे दंडूत पोचलं तर कुठलं चर्च अण्णांना काम देणार? आणि काम गेलं तर अक्काचं काय? पाद्रीने सुस्कारा सोडला. मला वाटलं, संपलं.

‘लाल नव्हतं, स्वामी,’ अक्का म्हणाली. ‘पिवळं होतं.’

पाद्रीने तिच्याकडे पाहिलं.

‘हळद आहे. मी लावली. काल संध्याकाळी ह्या दाराला चुना दिला, तो ओला होता, त्याला घासली आणि लाल झाली. रगत नव्हे.’

‘सायबिणीच्या मांतला हळद? कशाला?’

‘नवं वस्त्र आहे ना? बोट लावल्याशिवाय कुणी नेसतं का? बिनहळदीचं तिच्या अंगावर कसं घालायचं?’ अक्काने मांतचा कोपरा सरळ केला. ‘आमच्यात मी लावायची नसते. घरात विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून कुणाला विचारलं नाही. चूक माझी. माझ्या भावाची नव्हे.’

फर्नांडिसबाई म्हणाल्या, ‘ही खोटं सांगते. हिला काय कळतं?’ त्यांचा आवाज चिरका झाला होता.

अक्काने पाद्रीच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद मागितली. आपल्या पदराचं टोक ओलं करून त्यावर हळद चोळली, मोठ्या दरवाजाशी जाऊन ते चौकटीच्या सांदीत दाबलं, जिथे चुना अजून ओला होता, आणि परत येऊन टेबलावर पसरलं. आम्ही सगळे बघत असताना पिवळं लाल होत गेलं. पाद्री चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. मग म्हणाला, ‘बाहेर इतके लोक आहेत. त्यांना मी आता काय सांगू?’

‘आहे ते सांगा,’ अक्का म्हणाली.

त्याने सांगितलं. पायरीवर उभं राहून, तीन वाक्यांत, कुणाचं नाव न घेता. काही लोक उठले, काही पुटपुटले, काही जणांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ते रांगेतच उभे राहिले. आंधळ्या पोराचा बापही उभाच होता. संध्याकाळी सायबिणीला तिचा जुना मांत घातला आणि आमचा पेटीत गेला. इनेस मायने तो स्वतः घडी घातला. अक्काला ती म्हणाली, ‘चाळीस वर्सां आमी तिका न्हेसयतांव, पूण हें आमकां केन्नाच सुचूंक ना.’ हे आम्हाला कधीच सुचलं नाही, असं तिने रागाने म्हटलं की कौतुकाने, मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, दोन्ही असावं.

परतीच्या गाडीत फर्नांडिसबाई आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसल्या. हुबळीला त्यांनी तीन कॉफ्या मागवल्या. आपली अर्धी झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘तू गप्प बसली असतीस तर माझं म्हातारपण सुखात गेलं असतं.’

‘आणि माझं?’ अक्का म्हणाली.

बाईंनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. पण दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी अण्णांना एवढंच सांगितलं की काम सुरेख झालं, बेटावर सगळ्यांनी नाव काढलं. बाकीचं त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. अण्णा खुशीत घरी आले, येताना मैसूरपाक घेऊन. गोष्ट तिथेच मिटली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी मैसूरपाकाचे तीन तुकडे खाल्ले. जेवणं झाली, अण्णा ओसरीवर बसले, आई सुपारी कातरत होती, आणि अक्का मागच्या खोलीतून येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. करंडा, बोट, चुना, पाद्री. तिच्या पदराच्या टोकाचा लाल डाग धुऊनही राहिला होता, तोही दाखवला.

आईने अडकित्ता खाली ठेवला. ‘हळद लावायची होती तर मला हाक मारायची.’

‘तू लावली असतीस?’

‘नसती लावली,’ आई म्हणाली. ती खोटं बोलत नसे. ‘पण चोरून? माझ्या करंड्यातली? उद्या आणखी कशाला हात लावशील? नको बाई. हिच्या हातात आता सुईच नको. अहो, ऐकताय ना?’

अण्णा ऐकत होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे पाहिलं. कापडात कुठे कात्री घालायची हे त्यांना एका नजरेत कळायचं, घरात ते कधी कळलं नाही. मला त्यांचा राग आला. आजही ती ओसरी आठवली की येतो.

‘नको तर नको,’ अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘मी भांडी घासीन. पण शिवलं तर सगळं शिवीन. देवाला माझा हात चालतो, मग नवरीला का चालू नये? पंधरा वर्षं मागच्या खोलीत बसले, आता नाही बसणार. दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही नको.’

गल्लीतले माग तेवढे चालू होते. बेटावर माझ्या तोंडून निघालेला तो एक ‘नाही’ तेव्हापासून मला टोचत होता, आणि आता दुसरं काहीतरी बाहेर पडलं.

‘माझ्या लग्नाचं अक्का शिवेल,’ मी म्हणाले. ‘चोळी, शेला, सगळं. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी अंगाला लावणार नाही.’

‘तुझ्या लग्नाचं आता कुणी काढलंय?’ आई ओरडली. मग तिला कळलं मी काय बोलले ते. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, निव्वळ भीती होती, माझ्यासाठीची. मला तिची दया आली, पण मी शब्द मागे घेतला नाही.

अण्णा खाकरले. ‘चला,’ ते म्हणाले, ‘अक्काला पहिलं गिऱ्हाईक तर मिळालं.’

आईने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती उठून आत गेली असती तर ते नाही झालं असतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती उठली नाही. तिने अडकित्ता उचलला आणि ती पुन्हा सुपारी कातरू लागली.

अक्काने मला ओसरीवरच्या मशिनजवळ, दिव्याच्या उजेडात ओढलं आणि आईची टेप उचलली. ‘सरळ उभी राहा,’ ती म्हणाली. ‘अजून वाढायची आहेस. पण माप घेऊन ठेवते.’